परिषदेला जोडून रजा: एका ना-हरकत पत्राचा अनुभव

युरोपियन जिओसायन्सेस युनियनची महासभा दरवर्षी वसंतात व्हिएन्नाला भरते, ऑस्ट्रिया सेंटरमध्ये, सोमवार ते शुक्रवार. भूशास्त्रात काम करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तिथं जायचं असतं, आणि एवढं लांब गेल्यावर शुक्रवारी रात्रीच विमानात बसायचं जिवावर येतं. माझी एमएस्सीच्या वर्गातली मैत्रीण म्युनिकला असते. परिषद संपली की साल्झबर्ग बघत तिच्याकडे जायचं आणि तिथून दोघींनी जर्मनीतलं, उल्काघाताच्या विवरात वसलेलं नोर्डलिंगन गाव गाठायचं, हा बेत कधीचा होता. सगळे म्हणत होते की व्हिसाला त्रास होईल. व्हिसा सुरळीत झाला. माझं घोडं अडलं ते माझ्याच संस्थेत, एका पत्रापाशी.

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, फाइलला नोकरदारानं संस्थेचं पत्र जोडायचं असतं. अमुक व्यक्ती आमच्याकडे कामाला आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तिची रजा मंजूर आहे, परदेशी जायला आमची हरकत नाही, एवढाच मजकूर. पण त्या तारखा संपूर्ण प्रवासाच्या हव्यात. विमा, तिकीट, मुक्कामाची बुकिंग आणि अर्ज यांच्याशी त्या जुळल्या नाहीत तर फाइलवर प्रश्न निघणारच.

आमच्याकडे परिषदेची कर्तव्य रजा एक विभाग देतो, खासगी कारणासाठी परदेशी जायची परवानगी आणि अर्जित रजा आस्थापना विभाग देतो, आणि प्रवासखर्च लेखा विभाग बघतो. पहिल्या विभागानं पत्र पटकन दिलं, पण फक्त सोमवार ते शुक्रवारचं. उरलेल्या दिवसांसाठी मी आस्थापनेत अर्ज दिला. तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या वेळी ड्युटीवर असणार. ड्युटीवरून परत येऊन रुजू झाल्याशिवाय पुढची रजा सुरू कशी करायची?" म्हणजे व्हिएन्नाहून यायचं, सही करायची आणि पुन्हा म्युनिकला जायचं. मी विचारलं, असा नियम कुठे लिहिलाय? ते म्हणाले, पद्धत अशीच आहे.

फाइल साहेबांकडे गेली आणि शेरा घेऊन परत आली: 'परिषदेनंतर परदेशात थांबण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.' मी लिहिलं, 'पर्यटन आणि मैत्रिणीकडे मुक्काम.' फाइल पुन्हा परत. या वेळी शेरा होता, 'प्रयोजन संयुक्तिक वाटत नाही.' या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. अर्जित रजा ही मी काम करून मिळवलेली रजा आहे. त्या दिवसांचा खर्च माझा, वेळ माझा. वर्षानुवर्षं न भेटलेल्या मैत्रिणीला भेटणं यापेक्षा संयुक्तिक कारण आणखी काय असतं? एका सहकाऱ्यानं सुचवलं, 'संशोधनविषयक चर्चा' असं लिही, लगेच सही होईल. मी तसं लिहिलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण त्याहून साधा एक व्यवहार आहे: तेच पत्र व्हिसाच्या फाइलला लागणार असतं आणि तिथं तुम्ही मैत्रिणीचं निमंत्रण जोडलेलं असतं. दोन कागद दोन गोष्टी बोलायला लागले की तिसऱ्याचाही विश्वास उडतो.

तोवर लेखा विभागाची हरकत आली. जाणं व्हिएन्नाला आणि येणं म्युनिकहून, म्हणजे मार्ग बदलला, तेव्हा तिकिटाचा खर्च देता येणार नाही. इकडे आस्थापना म्हणते, लेखा विभागाचा अभिप्राय आल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. तिकडे लेखा विभाग म्हणतो, रजा मंजूर झाल्याशिवाय अभिप्राय कशावर द्यायचा? व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. त्या सहा महिन्यांतले चांगले आठवडे माझी फाइल एकाच इमारतीच्या दोन मजल्यांमध्ये फिरत होती. रोज दुपारी आवक-जावकच्या खिडकीशी जाऊन नोंदवहीत आपला क्रमांक शोधायचा. पेन्सिलनं लिहिलेलं 'प्रलंबित' दिसलं की खाली यायचं.

कोंडी फुटली ती निवृत्तीला आलेल्या एका अधीक्षकबाईंमुळे. त्यांनी मला समोर बसवून एका पानाचा अर्ज लिहायला लावला. वर तारखांचा तक्ता: कोणता दिवस कर्तव्य रजा, कोणता शनिवार-रविवार मागेपुढे जोडलेली सुट्टी, कोणते दिवस अर्जित रजा. त्याखाली हमी: 'खासगी दिवसांतील कोणत्याही खर्चाचा भार संस्थेवर पडणार नाही.' त्याखाली, त्याच दिवशी काढलेला थेट व्हिएन्ना जाऊन-येऊन तिकिटाचा दर आणि माझ्या प्रत्यक्ष तिकिटाचा दर, शेजारी शेजारी, आणि 'यांपैकी कमी असलेली रक्कमच मागेन' असं वाक्य. शेवटी, ज्या नियमानुसार रजा हवी त्याचा क्रमांक. "प्रयोजन विचारायला जागाच ठेवायची नाही," बाई म्हणाल्या. तीनही विभागांच्या सह्या त्या एकाच पानावर झाल्या आणि एकच पत्र निघालं, पूर्ण प्रवासाच्या तारखांचं. ते हातात आलं तेव्हा मी तिथंच कॉरिडॉरमध्ये उभी राहून ते दोनदा वाचलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: गोषवारा जानेवारीत पाठवलात की त्याच आठवड्यात हा एकपानी अर्ज द्या. आपलं सादरीकरण कोणत्या वारी आहे हे फार नंतर कळतं, त्यासाठी थांबू नका. परिषदेचे पाचही दिवस धरूनच रजा मागा.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. दोन देश असले तर मुख्य मुक्काम जिथं, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुख्य म्हणजे जिथं दिवस जास्त किंवा जिथं जाण्याचं खरं कारण आहे तो. माझ्या बाबतीत दोन्ही निकषांवर ऑस्ट्रियाच येत होता, आणि तो तसाच यावा म्हणून साल्झबर्गचे मुक्काम मी मुद्दाम जर्मनीच्या सीमेअलीकडे ठेवले. अर्जात प्रवासाच्या उद्देशाला एकाहून अधिक खुणा करता येतात, त्या प्रामाणिकपणे करा, आणि खालच्या माहितीच्या रकान्यात एका ओळीत क्रम लिहा: आधी परिषद, मग पर्यटन, मग मैत्रिणीकडे. मैत्रिणीनं सही केलेलं साधं निमंत्रणपत्र, तिच्या पत्त्याचा आणि रहिवासी परवान्याचा पुरावा मी जोडला. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. तो परिषदेपुरता न काढता परतीच्या तारखेपर्यंत काढा. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. आधीच्या शेंगेन व्हिसाला बोटांचे ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात.

आणखी एक, परिषदेत मांडायचं संशोधनाचं पोस्टर कापडावर छापून घ्या. घडी करून हातातल्या बॅगेत बसतं, आणि पुढचे सगळे दिवस रेल्वेत ती लांब नळी सांभाळत फिरावं लागत नाही.

परिषदेच्या दिवसांत शहर बघायचं असेल तर संध्याकाळ वापरा. सेंटरपासून यू१ मेट्रोनं श्टेफान्सप्लाट्झ अगदी जवळ आहे. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाला मात्र अर्धा दिवस द्या. १९०८ मध्ये सापडलेली विलेनडॉर्फची व्हीनस ही अश्मयुगीन स्त्रीमूर्ती तिथं आहे, जेमतेम ११ सेंटिमीटरची, आणि उल्कापाषाणांच्या दालनातून तर मला निघवत नव्हतं. सेंट्रल दफनभूमीत बेथोव्हेन आणि शूबर्टकडे सगळे जातात. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमानच्या समाधीवर कोरलेलं एन्ट्रॉपीचं सूत्रही शोधून बघा.

साल्झबर्ग ते म्युनिक रेल्वेत पासपोर्ट हाताशी ठेवा. शेंगेनमध्ये सीमा खुल्या असल्या तरी जर्मनी २०१५ पासून या सीमेवर तपासणी करत आलं आहे. आमच्या डब्यात पोलीस आले होते.

म्युनिकहून डोनाउव्हर्थला गाडी बदलून नोर्डलिंगन. हे गाव सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्काघातानं झालेल्या, जवळजवळ २४ किलोमीटर व्यासाच्या विवरात वसलं आहे. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, तेव्हा अंदाज यावा. फार काळ याला ज्वालामुखी समजत होते. १९६० च्या सुमारास शूमेकर आणि चाओ या भूशास्त्रज्ञांनी इथल्या खडकात कोएसाइट, म्हणजे प्रचंड दाबाखालीच बनणारं क्वार्ट्झचं रूप, दाखवलं आणि वाद मिटला. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर इथं खडक ओळखायला शिकायला आले होते. गावातल्या सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटर उंच मनोरा त्याच आघातात बनलेल्या स्युवाइट नावाच्या खडकाचा आहे. आम्ही दोघी पायथ्याशी नाक लावून उभ्या होतो. राखाडी, हात लावला की खरखरीत लागणारा दगड, आणि त्यात वितळून थिजलेल्या काचेचे काळपट, चपटे तुकडे. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे आपण पेट्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये काढलं होतं, आठवतंय?" म्हणजे खडकांच्या अभ्यासाच्या प्रात्यक्षिकवहीत. मला आठवत होतं. मग तटबंदीवरून गावाला पूर्ण फेरी मारली आणि सबंध वेळ बोलत होतो. साहेबांना संयुक्तिक न वाटलेला दिवस तो हा.

परतल्यावर बिलाचं. बोर्डिंग पास, परिषदेचं उपस्थितीचं प्रमाणपत्र आणि मंजुरीच्या त्या एका पानाची प्रत सोबत लावा. तिकिटाच्या दरांची तुलना प्रवासाआधी काढलेली हवी. नंतर काढलेली धरत नाहीत, कारण दर बदललेले असतात. माझं बिल लेखा विभागानं 'परतीचे ठिकाण भिन्न' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. मी ते पान वर ठेवून, हमीच्या ओळीखाली रेघ मारून पुन्हा दिलं. थेट व्हिएन्नाच्या दरापेक्षा माझं तिकीट स्वस्त होतं, त्यामुळे पूर्ण रक्कम मंजूर झाली.