तुम्ही विचारलंत म्हणून: मण्याला भोक कसं पाडता?

प्रदर्शनात टेबल मांडून तास होत नाही तोच कुणीतरी माझा एखादा मणी चिमटीत धरतं, उजेडाकडे करतं, एक डोळा मिटून आरपार बघतं आणि विचारतं, "हे भोक कसं पाडता हो?" किमतीचा प्रश्न त्यानंतर. "हे सगळं घरीच करता?" हा तिसरा. गेल्या दिवाळीआधी एका आजींनी तर उत्तरही स्वतःच देऊन टाकलं: "ड्रिल मारत असशील. फार जपून मारावं लागत असेल ना गं?" मागे चार जणी खोळंबल्या होत्या, म्हणून तेव्हा मी नुसतीच हसले. आता नीट सांगते.

आजी, ड्रिल मारतच नाही. माझ्या मण्यात भोक आधी येतं आणि काच मागाहून.

सायकलच्या स्पोकएवढी जाड, वीतभर लांबीची स्टेनलेस स्टीलची सळी घ्यायची. तिचं टोक पांढऱ्या मातीच्या लेपात बुडवायचं. लेप धिरड्याच्या पिठाएवढा सैल हवा. दाट झाला तर पोपडे निघतात, पातळ झाला तर सळी उघडी पडते. तो वाळला की ही सळी डाव्या हातात आणि पेन्सिलीहून थोडी बारीक काचेची कांडी उजव्या हातात. समोर बर्नर. त्याला स्वयंपाकाचाच गॅस आणि जोडीला ऑक्सिजन. करोनात घरोघरी आलं होतं ना ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं मशीन, तसलंच एक जुनं मी घेतलंय. दवाखान्यातून सुटलं आणि माझ्या गॅरेजमध्ये येऊन घरघरत बसलंय.

काचेची कांडी एकदम ज्योतीत घालायची नाही. घातली की तापल्या तेलातल्या मोहरीसारखी तडतडून तुकडे उडतात. माझ्या पहिल्या अॅप्रनला तशी सात भोकं आहेत, आणि ती मात्र पाडलेली! ज्योतीच्या शेंड्याला कांडी शेकत शेकत आणायची. मग टोकाशी काच लाल होते, गोळा धरते, वाटाण्याएवढी होऊन काकवीसारखी लोंबायला लागते. तेवढ्यात लेप लावलेली सळी तापून लालसर झालेली असते. गोळा सळीला टेकवायचा आणि सळी स्वतःपासून दूर फिरवायची. एक वेढा, दोन वेढे. काच भोवती गुंडाळली जाते आणि सळी असते तिथे पोकळी राहते. झालं, तेच भोक.

पण इथून पुढे डाव्या हाताला सुट्टी नाही. फिरवणं थांबलं की मणी खाली ओघळतो. रंगाचे ठिपके द्या, केसाएवढ्या काचेच्या तारेनं वेल काढा, काहीही करा, डावा हात फिरतच राहिला पाहिजे. सुरुवातीला मी रात्री झोपेतही बोटं फिरवायचे म्हणे. डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा असतो. काचेतल्या सोडियममुळे ज्योत भडक नारिंगी होते आणि मणी तिच्याआड जातो; हा चष्मा तेवढाच रंग खातो आणि ज्योतीतला मणी स्वच्छ दिसतो.

(मनातलं सांगू? मला कुणीतरी रंगाबद्दल विचारावं असं फार वाटतं. हस्तिदंती काचेवर फिरोजी ठिपका ठेवला की दोघांच्या मध्ये आपोआप एक काळपट रेघ उमटते. एकीत गंधक, दुसरीत तांबं, त्यांचं आपसात काय ते होतं. ती रेघ मी काढलेली नसते. पण नाही, सगळे भोकच विचारतात.)

मणी झाला की सळीसकट भट्टीत. माझी भट्टी ५१० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेली असते. दिवसभराचे मणी तिथे जमतात आणि रात्री भट्टी हळूहळू निवत जाते. भट्टी घ्यायच्या आधी मी मणी तसेच निववायचे. सकाळी पाहावं तर निम्म्यांना तडा, आणि बहुतेक तडे भोकाच्या काठापासून निघालेले. बाहेरची काच आधी थंड होऊन आवळते, आतली अजून गरम असते. त्या ओढाताणीत जिथे काच पातळ तिथून ती फाटते. लेपही म्हणूनच लागतो. निवताना स्टील काचेपेक्षा जास्त आकसतं. काच उघड्या सळीला चिकटलेली असली तर मणी चिरतो, मध्ये माती असली की सुटतो. दुसऱ्या दिवशी पाण्यात भिजवायचं, सळी पकडीत धरायची आणि मणी पिळून काढायचा. आतली माती पाण्याखालीच खरवडायची. कोरडी खरवडली तर तिची धूळ छातीत जाते.

आता आजींच्या ड्रिलबद्दल. त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. दगडाच्या मण्याला भोक पाडावंच लागतं. गुजरातेतल्या खंबातचे अकीकवाले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ते करत आलेत. कमानीनं फिरवायचा सामता, म्हणजे हातानं चालवायचं ड्रिलच, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या कणी, आणि दोन्ही बाजूंनी भोक पाडत मध्ये गाठायचं. मोत्यालाही वेज पाडावं लागतं. आपल्याकडे या भोकाला वेज म्हणतात, कानाच्या भोकाला म्हणतात तेच. मी इथून पुढे तोच शब्द वापरते, भोक म्हटलं की बादली आठवते.

काच वितळते, म्हणून तिला ही मेहनत चुकवता येते. चुकवायच्या तऱ्हाही किती! आंध्रातल्या पापानायडूपेटमध्ये काचेच्या गोळ्यातच पोकळी करून त्याची लांबच लांब नळी ओढायची जुनी रीत. नळी ओढली की आतलं वेजही ओढलं जातं, मग नुसते तुकडे पाडायचे. मंगळसूत्रातले बारीक काळे मणीही असेच नळी कापून होतात. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरात भट्टीतली काच लोखंडी सळीवर गुंडाळतात. माझ्या कामाचं ते थोरलं घर म्हणा. व्हेनिसमध्ये तेलाच्या दिव्याच्या ज्योतीत भात्यानं वारा घालून मणी करायचे, 'लॅम्पवर्क' हे नाव त्या दिव्यावरून पडलं. तिथे काही मणी तांब्याच्या तारेवर करायचे आणि ती तार नंतर तेजाबात विरघळवायची. म्हणजे वेज पाडलेलं नाही, खाऊन टाकलेलं! २०२० मध्ये युनेस्कोनं इटली आणि फ्रान्सची ही मणीकला आपल्या वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा मला चार ओळखीच्यांनी बातमी पाठवली. पुरदिलनगरची बातमी अजून कुणी पाठवलेली नाही.

असो. वेजाचं खरं महत्त्व मला कळलं ते यातल्या कशावरूनच नाही. तिसऱ्या वर्षी एका बाईंनी माझी अठ्ठावीस मण्यांची माळ घेतली. पंधराव्या दिवशी फोन: रिक्षात बसताना माळ तुटली, अकरा मणी सापडले, बाकीचे रस्त्यावर गेले. मी माफी मागितली, नवे मणी केले, दुप्पट मजबूत धागा घातला. महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी मी ते सगळं रुमालात बांधून पेठेतल्या एका पटवेकरी काकांकडे गेले. आयुष्यभर लोकांची मंगळसूत्रं आणि ठुशा गाठवत आलेला माणूस. त्यांनी मण्याचे रंग पाहिले नाहीत, ठिपके पाहिले नाहीत. अंगठ्याचं नख वेजाच्या काठावरून फिरवलं. मग रेशमाचा एक दोरा मण्यातून ओवून चारपाच वेळा मागेपुढे ओढला आणि माझ्यासमोर धरला. दोरा पिंजला होता.

"ताई, धागा बदलून काय होणार? तुमचा मणी चावतोय."

घरी येऊन भिंगातून पाहिलं. मण्याच्या दोन्ही टोकांना काचेची पातळ, धारदार कड होती. मणी मोठा दिसावा म्हणून मी सळीवर काच लांब पसरत होते आणि वर पुरेशी चढवत नव्हते. वितळलेल्या काचेला मुळात गोल व्हायचं असतं. तिला सळीवर थोडकीच जागा दिली आणि वर भरपूर काच दिली, तर ती फुगते आणि टोकं आपणहून आत वळतात, हसणाऱ्या गालावर खळी पडावी तशी. त्या खळीत वेज बसलं की दोऱ्याला धार लागतच नाही. हे पुस्तकात वाचलं होतं, पण खळी दिसायला गोड असते एवढंच मी त्यातून घेतलं होतं. धारवाले एकशेचाळीस मणी निघाले. बरणी भरून कपाटावर ठेवलेत, विकायचे नाहीत.

तेव्हापासून मणी आधी काकांकडे जातात. किमतीबद्दल विचारलंत तर थोडंफार तिथेही आहे: एका मण्याला माझा अर्धा तास लागतो, आणि त्यातले सगळे पास होत नाहीत. परवा चाळीस नेले होते. काकांनी नख फिरवत फिरवत तीन बाजूला काढले. त्यातला एक मला पुरता चांगला वाटत होता, खळीसुद्धा दिसत होती. मी हुज्जत घातली.

"घरी जाऊन बघा," म्हणाले.

घरी बघितलं. एका बाजूला, पाव वेढ्यापुरती, केसाएवढी धार होती. बरणीत टाकला.