तुम्ही विचारलंत म्हणून: विच, पेगन की आणखी काही?

पुण्याच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "तू आता विच राहिली नाहीस का?" विवेकवादी मित्र विचारतात, "शिकलेली असून हे काय?" आणि आई विचारते, "लोकायले नेमकं काय सांगू?" तिघांना मी आजवर तीन उत्तरं दिलीत आणि तिन्ही अर्धवट. मी विक्का पाळते, म्हणजे निसर्ग आणि जुन्या देवदेवता मानणारा, विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये उभा राहिलेला पंथ; त्यातले लोक स्वतःला विच म्हणवतात. याहून जास्त सांगत नाही. विचारणाऱ्यांना ते माहीत आहे, आईलासुद्धा.

पुण्यात असताना मी 'विच' म्हणवून घ्यायचे. इंग्रजीत तो शब्द हलका वाटतो. कुणी मराठीत 'चेटकीण' म्हणालं की मी आणखी तावातावानं सांगायचे, ज्या शब्दानं बायका मारल्या तोच हिसकावून मिरवायचा. ब्रिटनमध्ये १९५१ साली चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि विक्काचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर उघडपणे बोलू लागला, हा माझा आवडता दाखला. पण तिथं या आरोपावरून जीव घेणं १७३५ च्या कायद्यानंच थांबवलं होतं, हे मी सोयीनं गाळायचे. इकडे २०२१ साली चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यात, जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना बांधून मारहाण केली.

तेही मी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. मग आमच्या वावराच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं झालं.

गावी परतल्यावर पहिल्याच ३१ ऑक्टोबरला मी वावरात साविन केलं. मृतांच्या आठवणीची रात्र. बोरीखाली दिवा, मिठाची रेघ, बाबांचा चष्मा आणि चार लिंबं. लिंबं कुठल्याही विधीत नव्हती. पिवळी होती, फोटोत छान दिसतील म्हणून ठेवली. हो, फोटोसाठी. चष्मा घरी आणला, लिंबं तिथंच राहिली.

पाचव्या दिवशी शेजारच्या वावरातला बैल पोट फुगून मेला. त्याच धुऱ्यावरून एक मावशी रोज कापूस वेचायला जायची. एकटी, भूमिहीन, तोंडाची फटकळ. लिंबं तिचीच, हे गावानं संध्याकाळपर्यंत ठरवून टाकलं. माझं नाव कोणाच्या डोक्यातही आलं नाही. बाबा मास्तर होते, घर पक्कं, वावर स्वतःचं.

मी तीन दिवस बोलले नाही. ऐन वेचणीत तिला कोणी मजुरीला बोलावलं नाही. ती हापशीवर आली की बाया आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूला व्हायच्या. तिसऱ्या रात्री तिच्या टिनावर दगड पडले. एक, मग थांबून दोन. आमच्या खाटेपर्यंत आवाज आला. मी उठले नाही, पांघरूण डोक्यावर घेतलं.

सकाळी पारावर जाऊन सांगितलं, "लिंबं मी ठेवली." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हातारा हसला, "पोरीले शहराची हवा लागली, बाप्पा." मिटलं! मला ना शिवी, ना दंड. तिच्या हातची म्हणून चार दिवस जी करणी होती, ती माझ्या हातची निघाल्यावर पोरखेळ झाली.

मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्हाले सोताले जे म्हणायचं ते म्हणा वो बाई. माह्या वेचणीचे चार दिवस कोन देते?" मी पैसे दिले. तिनं दोनदा मोजले. "आन् लिंबं कायले नासवली?"

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी बाई करणी करते असं पसरवणंही बसतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मग दुसरीला लावला तर गुन्हा ठरणारा शब्द मी कौतुकानं स्वतःला कसा लावू? पण तो नुसता गिळून टाकला तर तो दगड मारणाऱ्यांचाच राहतो, असं पुण्यातली मी अजून म्हणते. तिला गप्प करणारं उत्तर मला सापडलेलं नाही.

'पेगन', म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या देवदेवता मानणारा, हा शब्द घेऊन पाहिला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यातला माणूस. आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग आपून सारेच." ती दरवर्षी पहिल्या वेचणीआधी त्याच वावरात सीतादही करते, दहीभात ठेवते, तिला कोणी काही विचारत नाही. मलाही तेच नाव घेता आलं असतं. पण मी करते ते सीतादही नाही, आणि आईच्या आडोशाला लपणं मला पटत नाही. 'निसर्गपूजक' म्हटलं तर ओळखीचे एक गोंड गुरुजी म्हणाले, "आम्ही जनगणनेत वेगळा रकाना मागून ऱ्हायलो, तुम्ही फुकटात शिरता का?" चिडले मी. पण त्यांचं बरोबर होतं.

मैत्रिणींशी बोलताना अजून 'विच' म्हणते, दार लावून. दुटोंडेपणा आहे? असेल.

मागच्या ३१ ऑक्टोबरला बोरीखाली फक्त दिवा आणि चष्मा ठेवला. मावशी वेचणीवरून परतत होती. थांबली.

"आज काय हाय?"

"आज बाबांचं आहे."

तिनं डोक्यावरचं गाठोडं न उतरवता खाली पाहिलं. "मंग चष्मा पुसून तं ठेवा. धूळ बसली त्याच्यावर."