पुढे काहीच नव्हतं!

आज एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याच्या अलीकडे गाड्या नुसत्या रांगत होत्या. आणि पुढे? ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. एकाएकी रस्ता मोकळा!

यावर गणितज्ञांनी भरपूर डोकं खपवलंय. जपानमधला २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा: २३० मीटरचा गोल ट्रॅक, २२ गाड्या, तरी कोंडी झालीच. एकाने जरा ब्रेक दाबला की मागचा जास्त दाबतो, आणि ती लाट मागे मागे सरकते. नंतर अ‍ॅरिझोनात गणितज्ञ बेनेडेट्टो पिकोली वगैरे मंडळींनी अशाच गोलातल्या वीसेक गाड्यांपैकी फक्त एक संगणकाच्या ताब्यात दिली. ती सरासरी वेग धरून, पुढे अंतर राखून चालली. लाट विरली, इंधनही वाचलं.

मीही अंतर राखलं. लगेच एक इनोव्हा आत घुसली. बायको म्हणाली, "बस आता समीकरणं मांडत!"