सोळावा प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला विद्यार्थिनींना गटागटाने एक लहान संशोधन प्रकल्प करावा लागतो आणि अशा एका गटाला मार्गदर्शन करण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. आमचे महाविद्यालय नवी मुंबईत आहे, पण मुली प्रात्यक्षिकासाठी ठाण्यातील एका मोठ्या रुग्णालयात जातात. यंदाच्या गटाने तिथल्या एका मेडिसिन वॉर्डातील परिचारिका, त्याच वॉर्डात पोस्टिंगवर असलेल्या कनिष्ठ विद्यार्थिनी आणि तिथे दाखल असलेले रुग्ण यांचा ताण आणि जीवनमान हा विषय घेतला. तिन्ही गटांचे तक्ते स्वतंत्र करायचे आणि शेवटी त्यांची तुलना मांडायची, असे ठरले होते. भरून आलेले फॉर्म तपासताना मात्र हे तीन गट वेगळे काढता येतात यावरचा माझा विश्वास कमी होत गेला.

साधने दोन होती. ताणासाठी शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या मापिकेची दहा प्रश्नांची आवृत्ती घेतली. गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्या आहेत असे गेल्या महिन्याभरात किती वेळा वाटले, अशा धर्तीचे प्रश्न तिच्यात असतात. जीवनमानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली होती. तिच्यात शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग आहेत आणि सगळे प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. ही प्रश्नावली मला मनापासून आवडते, कारण आजार किती आहे एवढ्यावर ती थांबत नाही; ज्या माणसांत आणि ज्या रीतीभातींत आपण राहतो, ज्या अपेक्षा मनात धरतो, त्यांच्या संदर्भात आपले जगणे आपल्याला कसे वाटते, हे ती त्या माणसालाच विचारते.

पहिली अडचण शब्दाचीच आली. ‘जीवनमान’ म्हटले की लोक पगार आणि घर सांगू लागतात. ‘जीवनाची गुणवत्ता’ म्हटल्यावर शहापूर तालुक्यातून आलेल्या एका आजींनी, “गुणवत्ता शाळेतल्या पोरांची असते ना गं?” असे विचारले. मुलीने घाईने, “आजी, दिवस कसे चाललेत?” असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “दिवस जातो गं पोरी, रात्र जात नाही.” मापिकेचे शब्द मुलाखत घेणाऱ्याने आपल्या मनाने बदलायचे नसतात, हे मी मुलींना पुन्हा समजावले आणि ते उत्तर गुणांत धरले नाही. ते मी माझ्या वहीत मात्र लिहून ठेवले.

प्रश्नावलीतला सोळावा प्रश्न झोपेचा आहे: तुम्ही आपल्या झोपेबाबत किती समाधानी आहात? ढिगातून परिचारिकेचा फॉर्म काढावा, विद्यार्थिनीचा काढावा किंवा रुग्णाचा, या प्रश्नापुढची खूण बहुतेकदा डावीकडे, म्हणजे असमाधानाकडे झुकलेली दिसत होती. आमचा नमुना लहान होता, त्यावरून इतर रुग्णालयांबद्दल काही म्हणता येणार नाही. पण या एका वॉर्डात असे का होते, हे मला आकडेमोडीशिवायही सांगता येते, कारण अशाच एका वॉर्डात मी चौदा वर्षे रात्रपाळ्या केल्या आहेत.

आमच्याकडे सकाळची पाळी आठला सुरू होते. तिच्या आधी रात्रीच्या सिस्टरने प्रत्येकाचे तापमान, नाडी आणि रक्तदाब पाहून नोंदवायचे असतात, चहा येण्याआधी मधुमेहींची उपाशीपोटीची साखर तपासायची असते, सहाची इंजेक्शने द्यायची असतात, लघवीच्या पिशव्या मोजून रिकाम्या करायच्या असतात, रक्ताचे नमुने लॅबला पाठवायचे असतात आणि पुढच्या पाळीला द्यायचा हँडओव्हर, म्हणजे रुग्णांच्या स्थितीचा अहवाल, लिहून तयार ठेवायचा असतो. चाळीस खाटांच्या वॉर्डात एका रुग्णाला फक्त तीन मिनिटे दिली तरी १२० मिनिटे होतात, आणि त्यात एखाद्याची सलाईन निघणे किंवा एखाद्याला धाप लागणे धरलेलेच नाही. म्हणून पाचला ट्यूबलाइट लागतात. ज्या रुग्णाला शेजारच्या खाटेवरचा खोकला, मॉनिटरचा आवाज आणि खाटेखाली झोपलेल्या नातेवाइकांची कुजबुज यांतून तीनच्या सुमारास जेमतेम डोळा लागलेला असतो, त्याला उठवून काखेत थर्मामीटर ठेवला जातो. रुग्णकक्षातील रात्रीच्या आवाजाची पातळी सरासरी ३० डेसिबलच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. हलक्या कुजबुजीइतकी ही पातळी सरकारी रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात मी कधी अनुभवलेली नाही.

त्याच पाच वाजता नेरूळच्या वसतिगृहात दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा गजर वाजतो. सातच्या आत ठाण्याला पोहोचून युनिफॉर्म नीट करून वॉर्डात उभे राहायचे, तर ट्रान्स-हार्बरची लवकरची गाडी गाठावी लागते. आदल्या रात्री केस स्टडी लिहीत त्या बारापर्यंत जागलेल्या असतात. जालना, नंदुरबार, सिंधुदुर्ग अशा ठिकाणांहून आलेल्या या मुली आहेत. त्यांतल्या अनेकींनी पहिला मृत्यू याच वॉर्डात पाहिलेला असतो, आणि त्यानंतर त्यांच्याशी कोणी बसून बोललेले नसते, कारण बोलणार कोण, तर हातातली कामे न संपलेली तीच सिस्टर. पंचविसावा प्रश्न प्रवासाच्या सोयीचा आहे. बदलापूर-टिटवाळ्याहून येणाऱ्या परिचारिकांनी त्यावर काय खूण केली असेल, हे मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्या कोणालाही कळेल.

रात्रपाळ्यांच्या त्या वर्षांत मी कळव्याला राहत असे. बारा तासांची रात्रपाळी करून नऊला घरी पोहोचायचे, पाणी भरायचे, मुलाला शाळेत सोडायचे, सासूबाईंचे जेवण करायचे आणि दुपारच्या उन्हात पडदे ओढून झोपायचा प्रयत्न करायचा. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक अंधारात वाढते आणि उजेडाने दबते, त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि उथळ राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात ठेवले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच वर्गीकरण कायम केले. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही, हे मी मुलींना आवर्जून सांगते, म्हणजे त्या उगाच घाबरणार नाहीत. पण रात्रपाळीला ‘नुसते जागरण’ म्हणून कोणी झटकून टाकू लागले, तर ते मी ऐकून घेत नाही.

सलग चौथ्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, एका बाईंनी मला पाचव्यांदा हाक मारली. मी खाटेपाशी गेलेच नाही. लांबूनच, “आता गप्प पडून राहा,” असे ओरडले. त्यांना वेदना नव्हत्या, औषधही नको होते. डोळ्यांवर येणारा दिवा बंद करावा एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला सकाळी त्यांच्या सुनेकडून कळले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने ‘असू दे’ म्हटले, पण त्यानंतर डिस्चार्ज मिळेपर्यंत त्यांनी कोणत्याही सिस्टरला हाक मारली नाही, आणि आजारी माणसाने हाक मारणे सोडणे किती धोक्याचे असते ते मला ठाऊक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण म्हणून त्याचे वर्णन केले आहे, आणि थकव्याच्या जोडीला कामापासून मनाने दूर जाणे, त्याविषयी कडवटपणा येणे हेही त्याचे लक्षण मानले आहे. ते वाचताना मला त्या बाईंची खाट आठवली.

यावर योगवर्ग आणि ताणमुक्ती शिबिरे हे उत्तर मला अपुरे वाटते. मूळ प्रश्न माणसांच्या संख्येचा आहे. शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जागा राखीव असाव्यात, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. मी मात्र चाळीस खाटांवर एकटीने, सोबतीला एक विद्यार्थिनी घेऊन, रात्र काढलेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक परिचारिकेवर शस्त्रक्रिया विभागातील एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. म्हणजे सिस्टरचा थकवा आणि रुग्णाचा जीव एकाच आकड्याला बांधलेले आहेत.

भरती आमच्या हातात नाही. म्हणून गटातील मुलींनी आणि मी मिळून मेट्रन मॅडमकडे तीन गोष्टींचा अर्ज दिला. ज्यांची प्रकृती स्थिर आहे आणि डॉक्टरांनी तशी नोंद केली आहे, त्यांचे पहाटेचे तापमान आणि रक्तदाब साडेसहानंतर पाहावेत. रात्री अकरा ते पहाटे साडेपाच वॉर्डाचे मुख्य दिवे बंद ठेवून खाटेजवळचे छोटे दिवे वापरावेत. रात्रपाळी केलेल्या विद्यार्थिनीला त्याच दिवशी वर्गात बसवू नये. प्रकल्पाच्या फॉर्ममागे आम्ही टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही छापून घेतला. केंद्र सरकारची ही विनामूल्य मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. एका मुलीने तो फोन लावला, हे तिनेच मला नंतर सांगितले.

तिसरी मागणी महाविद्यालयाने लगेच मान्य केली. दिव्यांची मागणी मान्य झाली आहे, पण त्या वॉर्डातील बाराच खाटांजवळचे दिवे चालू आहेत आणि उरलेल्यांसाठी विद्युत विभागाला पत्र गेले आहे. पहिल्या मागणीवर डॉक्टरांशी बोलणे चालू आहे, कारण नऊच्या राउंडला सगळ्या नोंदी आणि रिपोर्ट तयार हवे असतात आणि लॅबचा माणूस नमुने न्यायला सहालाच येतो. त्याची वेळ सातची करता येईल का, हे विचारायला मी येत्या सोमवारी जाणार आहे.