दोन इंच माती

अमेरिकेतील एका रेसकोर्सवर पशुवैद्य म्हणून नोकरीस असताना पहाटेच्या सरावाच्या वेळी कठड्याशी उभे राहून प्रत्येक घोड्याची चाल न्याहाळणे हे माझे काम असे. त्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर तासाभराच्या आत दोन घोडे पुढच्या पायाने लंगडू लागले, आणि दोन्ही वेळा जागा जवळजवळ तीच होती: शेवटचे वळण संपते तिथे. पहिल्याच्या फेटलॉक सांध्याला, म्हणजे टापेच्या वरच्या सांध्याला, सूज होती. दुसऱ्या, तीन वर्षांच्या घोडीच्या एक्स-रेत नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाला उभी चीर दिसली. स्वाराने तिला तत्काळ आवरले, म्हणूनच पुढे स्क्रू घालून ते हाड जुळवता आले.

ट्रॅकच्या देखभाल-प्रमुखांना घेऊन मी त्या जागी गेलो. त्यांनी खुणा केलेली सळई जागोजागी खुपसली. इतरत्र भुसभुशीत थर साडेतीन इंच भरत होता. इथे जेमतेम दोन. दोन दिवसांपूर्वी मोठा पाऊस झाला होता. पाणी आत मुरू नये म्हणून ट्रॅक रोलरने दाबून बंद केला होता, तरी वळणाच्या उतारावरून वाहताना पाण्याने बारीक माती आतल्या कठड्याकडे नेली होती आणि नंतरच्या कुळवणीने वरचा भाग सारखा दिसू लागला होता. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या पाचशे किलोच्या घोड्याच्या एकेका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. थर पातळ असला की टाप थेट खालच्या कठीण तळावर आदळते. अशी चीर पडणाऱ्या हाडांत बहुधा आधीपासूनच सूक्ष्म भेगा असतात, आणि त्या घोडीच्याही असाव्यात, असे मला वाटते.

वाळू, मेण, कृत्रिम तंतू आणि रबर यांच्या सिंथेटिक ट्रॅकमध्ये पाणी सरळ खाली झिरपते, त्यामुळे दाबून बंद करण्याची वेळच येत नाही. कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने 2006 मध्ये मोठ्या रेसकोर्सना तो सक्तीचा केला. परंतु त्यांपैकी सांता अनिता 2010 मध्ये आणि डेल मार 2015 मध्ये मातीकडे परतले. सिंथेटिकवर टाप पुरेशी घसरत नाही, मागच्या पायांचे स्नायू दुखावतात आणि उन्हाने मेण मऊ होऊन ट्रॅक दुपारी वेगळाच वागतो, या ट्रेनरांच्या तक्रारी मी गंभीरपणे ऐकल्या आहेत. तरीही अमेरिकेतील 2023 च्या नोंदींत घोड्यांच्या दर हजार शर्यत-सहभागांमागे प्राणघातक दुखापतींचे प्रमाण मातीवर 1.43, तर सिंथेटिकवर 0.97 होते, आणि हा फरक मला बाजूला सारता येत नाही.

दुपारच्या शर्यती रद्द झाल्या. संध्याकाळपर्यंत माती ओढून थर पुन्हा बसवला जात होता. मी मागोमाग चालत दर दहा पावलांवर सळई खुपसून आकडे लिहीत गेलो. अंधार पडताना त्या वळणावर शेवटचा आकडा साडेतीन आला.