टीव्ही आहे, मग संडास का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नवी मुंबईतल्या दिघ्याच्या टेकडीवरच्या वस्तीत वाढले आणि आता नर्स आहे, हे कळलं की लोक हमखास विचारतात, "तुमच्याकडे घरोघरी टीव्ही, मोबाईल. मग संडास का नाही बांधत?"

टीव्हीला एक वायर पुरते. संडासाला मैला वाहून नेणारी लाइन लागते, नाहीतर खड्डा. आमची खोली दहा बाय बाराची, खाली कातळ, जमीन एमआयडीसीची. टाकी बांधलीच, तरी ती उपसणारी गाडी येणार कुठून? गल्लीत समोरून माणूस आला तर अंग चोरून उभं राहावं लागतं.

राहिला सार्वजनिक संडास. ३५ पुरुषांमागे आणि २५ बायकांमागे एक सीट, असं स्वच्छ भारत अभियानाचं प्रमाण आहे. आमच्या लहानपणी अख्ख्या चाळींच्या रांगेत बायकांना सहा सीट होत्या. त्यातल्या दोन कायम तुंबलेल्या, एकीला कडी नाही, आणि रात्री दिवा नाही. आईने यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. पाणीच कमी प्यायचं. संध्याकाळी सहानंतर घोटभरसुद्धा नाही, अगदी मे महिन्यातही. मग लघवीला जळजळ, कंबरेत कळ, हुडहुडी भरून ताप. ती त्याला 'उष्णता' म्हणायची. मीही शाळेत तेच करायचे आणि पाळीच्या दिवसांत घरीच बसायचे. पाणी कमी पिऊन लघवी तुंबवली की मूत्रमार्गात जंतू वाढतात, हे नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं त्या दिवशी मला आईची फार आठवण आली. रागही आला.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. आमच्या नळाच्या नळ्या गटारातूनच जातात. पाणी येतं तासभर. ते बंद झालं की रिकाम्या नळीत गटाराचं पाणी सांध्यांच्या फटींतून ओढलं जातं. कावीळ, टायफॉइड, हगवण यातूनच येतात. धाकटा भाऊ तीन वर्षांचा असताना हगवणीने मान टाकून पडला होता. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहायचं, एवढंही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सलाइनचा खर्च, बाबांचे तीन खाडे, वर उसनवारी. सारखी हगवण लागणाऱ्या पोराच्या अंगी अन्न लागत नाही, उंची खुंटते. भाऊ आजही माझ्या कानापर्यंतच येतो.

मागे पायथ्याच्या दोन गल्ल्यांत मलवाहिनी टाकली. संडास बांधा म्हणून कुणी सांगायला गेलं नव्हतं. दिवाळीच्या आत बहुतेक घरांनी मोरीशेजारचा कोपरा काढून संडास बांधले, काहींनी त्यासाठी भिशी उचलली. टीव्ही त्यांच्याकडेही आधीपासून होतेच.

आई वरच्या गल्लीत राहते. तिथे लाइन अजून आलेली नाही. गुडघे धरून, भिंतीला हात लावत ती पहाटे पायऱ्या उतरते, आणि पाणी अजून सहापर्यंतच पिते.