तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइल असताना हॅम रेडिओ कशाला?

गच्चीवर अँटेनाची वायर ताणताना जो भेटेल तो हेच विचारतो, की व्हॉट्सअ‍ॅप आहे, फाइव्ह-जी आहे, सॅटेलाइटवरून इंटरनेट येतंय, मग तुमच्या हॅम रेडिओचं, म्हणजे लायसन्स काढून छंद म्हणून स्वतःच्या रेडिओ सेटवरून लांबच्या लोकांशी बोलण्याचं, पुढं काय?

यावर आमची मंडळी लगेच आपत्तीचं उत्तर देतात. खोटं नाहीये ते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅमची टीम हॅमिंगसाठीच अंदमानात गेली होती, आणि बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांनी पोर्ट ब्लेअरहून लोकांच्या खुशालीचे निरोप पोचवले. पण २०२२ च्या आयफोन १४ पासून साधा फोन काही देशांत थेट सॅटेलाइटवरून मदत मागायला लागलाय, त्यामुळे नुसत्या आपत्तीच्या जोरावर हा छंद पुढं तगेल असं मला तरी वाटत नाही.

माझं कारण वेगळंय. फोन फक्त वापरायचा, इथे स्वतः सोल्डर केलेला ट्रान्समीटर कायदेशीरपणे हवेत सोडता येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स हा रेडिओ सेट बघा, साध्या स्वस्त पार्टांचं डिझाइन, जगभरच्या लोकांनी घरी बसून बनवलं.

आणि नवीन टेक्नॉलॉजीशी आमचं भांडण कधीच नव्हतं हो, जे येईल ते आम्ही उघडून बघतो. एफटी-८ हा डिजिटल मोड, म्हणजे कॉम्प्युटरने रेडिओवरून छोटे मेसेज पाठवायची पद्धत, २०१७ मध्ये आला, बनवणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे फिजिक्सचे नोबेलवाले, मेसेज जातात १५-१५ सेकंदांच्या तुकड्यांत, कानाला नुसती खरखर ऐकू येते त्यातूनही कॉम्प्युटर समोरच्याची कॉलसाइन (हॅमचं हवेतलं नाव) काढून दाखवतो. (मला स्वतःला त्यात मजा येत नाही, कॉम्प्युटर बोलणार नि मी चहा पीत बसणार. पण पोरं रात्र-रात्र जागतात त्यावर.) किंवा क्यूओ-१०० घ्या, ३६ हजार किलोमीटरवरच्या कतारच्या उपग्रहात बसवलेला हॅमचा ट्रान्सपॉन्डर, खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारा. त्याचा सिग्नल आपल्याकडेही मिळतो आणि ऐकायला जुनी डीटीएचची छत्री, तिच्या तोंडाशी असतो तो एलएनबी नि टीव्हीचा स्वस्त एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ रिसीव्हर) एवढ्यावर भागतं.

खरी भीती मला खरखरीची आहे. स्वस्त एलईडी ड्रायव्हर, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, सगळे रेडिओत घाण सोडतात. आमच्याकडे संध्याकाळी जिन्यातले दिवे लागले की ७ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा, काटा कुणी न बोलताच वर चढून बसतो, लाइट गेली की सरसर खाली, आणि मग बॅटरीवर अख्खा बँड मोकळा ऐकू येतो. त्यात फ्लॅटमध्ये अँटेनाला परवानगी मिळवणं म्हणजे वेगळीच साधना. परीक्षा देऊन लायसन्स हातात आलेली पोरं इथेच गळतात.

सध्या सोसायटीला सांगून ठेवलंय, दिव्यांच्या वायरींना ही खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या रिंगा मी माझ्या खर्चाने लावून देतो. सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये घेऊ.